कुलूप शाबूत, सायकल गायब : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सायकलीच्या देखभालीविषयी प्रश्न मागवले होते. चेन, गिअर, ब्रेकची पत्रं येतील असं धरून चाललो होतो. आली ती बहुतेक चोरीचीच. तेव्हा हे सदर यावेळी पूर्ण त्याच विषयाला दिलं आहे. सारखी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमधून मुलाची गिअरची सायकल गेली. चार आकडी नंबरचं केबलचं कुलूप होतं. सकाळी खांबाजवळ कापलेली केबल तेवढी पडलेली. नव्या सायकलीला कोणतं कुलूप घ्यावं? दुकानदार म्हणतो, याहून जाड केबल घ्या. (कोथरूड, पुणे)

उत्तर : जाड केबल अजिबात घेऊ नका. केबलची जाडी ही बहुतेक प्लॅस्टिकची जाडी असते. कापलेलं टोक टाकून दिलं नसेल तर उजेडात धरून बघा. वरचं आवरण १२ मिलिमीटरचं दिसेल आणि आत बारीक तारांचा पीळ, तो बऱ्याचदा त्याच्या निम्माच. या तारा एकेक करून तुटतात, म्हणून साध्या पकडीनेही चार-पाच चावे घेतले की काम होतं. केबल कटर असेल तर एकच दाब, तोही आवाज न करता. केबल ही पुढचं चाक किंवा हेल्मेट अडकवून ठेवण्याची वस्तू आहे, सायकल राखण्याची नाही.

नंबरच्या कुलपात आणखी एक खोट आहे आणि ती आपली आहे. रोज उघडायचं म्हणून लावताना शेवटचा एकच आकडा एक-दोन घरं फिरवायचा, ही सगळ्यांची सवय. मुलांची तर हमखास. उघडायला येणाराही तिथूनच सुरुवात करतो. नंबर ठेवायचाच असेल तर लावल्यावर चारही चकत्या विस्कटायला मुलाला शिकवा.

आता घ्यायचं काय, तर यू-लॉक. काही दुकानांत याला डी-लॉक म्हणतात. दांड्याची जाडी १३ मिलिमीटर किंवा अधिक, स्टील पाणी दिलेलं (तापवून, विझवून कडक केलेलं), आणि दांड्याची दोन्ही टोकं आडव्या नळीत अडकणारी. हे शेवटचं पाकिटावर लिहिलेलं नसतं, ते चावी फिरवताना बघावं लागतं. एकच टोक अडकत असेल तर एका ठिकाणी कापून दांडा फिरवून काढता येतो. दोन्ही टोकं अडकत असतील तर दोनदा कापावं लागतं, म्हणजे वेळ दुप्पट.

साखळी घ्यायची तर सायकलसाठी बनवलेली, पाणी दिलेल्या कड्यांची, किमान १० मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी चकचकीत साखळी मऊ लोखंडाची असते. तिच्या जाड कड्याही मोठा बोल्ट कटर चावून टाकतो. शिवाय तिच्या टोकाला लोक लावतात ट्रंकेचं छोटं कुलूप. चोर साखळीकडे बघणारही नाही. चांगल्या साखळीची अडचण वजनाची. १० मिलिमीटरची मीटरभर साखळी अडीच-तीन किलोच्या आसपास जाते. घरी, पार्किंगमध्ये कायमची टांगून ठेवायला ती उत्तम, रोज दप्तराबरोबर न्यायला नाही.

स्टीलला खरंच पाणी दिलंय का, हे कानशीने कळतं. बारीक कानशीची कड कुलपाच्या दांड्यावर, प्लॅस्टिक नसलेल्या टोकाशी, हलकेच ओढा. मऊ लोखंड असेल तर कानस धरते, किस पडतो आणि चकाकणारी रेघ उमटते. पाणी दिलेलं असेल तर कानस काचेवर घसरावी तशी घसरते. हा प्रयोग पैसे दिल्यावर करावा, दुकानदार आधी करू देत नाही आणि त्याचं चुकत नाही.

पाकिटावरच्या "सुरक्षा पातळी १० पैकी ८" अशा आकड्यांना फार मान देऊ नका, ती मोजपट्टी कंपनीची स्वतःची असते. बाहेरच्या चाचणीचा शिक्का असेल तर त्याला अर्थ आहे : ब्रिटनमधल्या 'सोल्ड सिक्युअर'चे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड हे दर्जे, किंवा नेदरलँड्समधल्या 'एआरटी'चे तारे.

प्रश्न : माझ्या बाबतीत कुलूप कोणी तोडलंच नाही. यू-लॉक पुढच्या चाकाला आणि रेलिंगला लावलं होतं. संध्याकाळी आलो तर चाक आणि कुलूप जागेवर, बाकीची सायकल गेलेली. (डोंबिवली)

उत्तर : पुढच्या चाकाला क्विक रिलीजची खटकी असणार. ती उलटी करायची, दोन फेरे सैल करायचे, फोर्क उचलायचा, की चाक वेगळं. हत्यार लागत नाही. कुलपाने चाक राखलं आणि चाकाने सायकल सोडून दिली.

कुलूप मागे लावा. मागचं चाक, त्याच्याजवळचा फ्रेमचा मागचा त्रिकोण आणि खांब, ही तिन्ही एकाच यू-मध्ये आली पाहिजेत. मागचं चाक सगळ्यांत महाग, गिअर त्याच्यावरच, म्हणून ते आधी. पुढच्या चाकासाठी एक साधी केबल फिरवून तिचे दोन्ही फासे त्याच यू-मध्ये घाला. कुलूप शक्य तितकं लहान घ्या आणि यू-च्या आतली जागा भरून टाका. मोकळी जागा राहिली की तिच्यात पहार किंवा छोटा जॅक घालून दांडा फाकवता येतो. कुलूप जमिनीला टेकलेलं नसावं. खाली फरशी असली की तिचा ऐरणीसारखा उपयोग करून वरून हातोडा घालता येतो. चावीचं तोंड खाली ठेवा, पाणी आणि धूळ आत जात नाही आणि तिथे हत्यार चालवणंही अवघड होतं.

कशाला बांधता हेही बघा. "नो पार्किंग"चा पाइप डोक्याएवढा असेल तर सायकल कुलपासकट वर उचलून पाटीवरून काढता येते. रेलिंग नटबोल्टवर असेल तर चोराला कुलपाची गरजच नाही, पाना पुरतो. बांधण्याआधी खांब धरून दोन्ही हातांनी हलवा. काही खांब आधीच बुडाशी कापलेले आणि मातीत नुसते उभे केलेले असतात. झाडाला बांधू नका. कोवळं झाड कापलं जातं, आणि झाड गेल्याचं दुःख सायकलीच्या दुःखात कोणी मोजत नाही.

क्विक रिलीज काढून अ‍ॅलन कीने आवळायचे स्क्युअर, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणारे दांडे, बसवून घ्या. मापं ठरलेली आहेत. पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) १०० मिलिमीटर, मागे १३० किंवा १३५. जुनी खटकी घेऊन दुकानात गेलात की चूक होणार नाही. पाच मिलिमीटरची अ‍ॅलन की चोराकडेही असू शकते, पण रस्त्यात खटकी दिसली म्हणून हात घालणारा त्यात मोडत नाही. ज्यांच्या सायकलीला साधे नट आहेत त्यांनी काहीच करू नये. १५ मिलिमीटरचा पाना खिशात घेऊन फिरणारे कमीच.

प्रश्न : दोनदा सीट गेली. सायकल तशीच. (नाशिक)

उत्तर : सीटच्या नळीलाही खटकीच असणार. ती काढून बोल्टचा क्लॅम्प लावा. क्लॅम्पचं माप फ्रेमच्या नळीच्या बाहेरून घ्यायचं, बहुधा २८.६, ३१.८ किंवा ३४.९ मिलिमीटर असतं. एवढ्यावर थांबायचं नसेल तर जुन्या सायकल चेनचा दोन फुटांचा तुकडा घ्या, जुन्या ट्यूबच्या तुकड्यात ओवा म्हणजे रंग खरवडणार नाही, आणि सीटखालची तार व फ्रेमचा मागचा दांडा यांच्याभोवती फिरवून चेन टूलने पिन दाबून जोडा. पाच-सहा सेंटिमीटर ढील ठेवा, नाहीतर मुलाची उंची वाढल्यावर सीट वर घेता येणार नाही. हे काम दुकानात दहा मिनिटांचं आहे.

दुसरी युक्ती : अ‍ॅलन बोल्टच्या खाचेत बसेल अशी बेअरिंगची गोळी सुपरग्लूच्या थेंबावर ठोकून बसवायची. पुढे काढायची असेल तेव्हा नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन टाकून ग्लू मऊ करायचा. ब्रेकच्या किंवा हँडलच्या बोल्टना हे करू नका, ते वाटेत कधीही आवळावे लागतात.

प्रश्न : बॅटरीवरच्या ग्राइंडरने कोणतंही यू-लॉक मिनिटभरात कापलं जातं असं सगळे सांगतात. मग तीन हजारांचं कुलूप घेऊन उपयोग काय? (कोल्हापूर)

उत्तर : कापलं जातं, हे खरं. पण ठिणग्या उडतात, आवाज गल्लीभर जातो आणि दोन्ही टोकं अडकणारं कुलूप असेल तर हे दोनदा करावं लागतं. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीसाठी भर वस्तीत एवढा खटाटोप करणारे थोडे. पकड घेऊन फिरणारे पुष्कळ. कुलूप त्या पुष्कळांसाठी आहे. लाखाची सायकल असेल तर गोष्ट वेगळी, ती रात्री घरातच ठेवा.

कुलूप घेताना दांड्याइतकंच चावीकडेही बघा. गोल नळीसारखी चावी असलेलं स्वस्त कुलूप टाळा. २००४ साली अमेरिकेत अशी नावाजलेली यू-लॉक साध्या बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडतात हे उघड झालं आणि क्रिप्टोनाइट कंपनीला ती बदलून द्यावी लागली. दांडा जाड होता, पण चावीने घात केला.

प्रश्न : पावसाळ्यात कुलूप धरतं. चावी अर्धी फिरते आणि अडकते. खोबरेल तेल घातलं, दोन दिवस बरं चाललं, मग आणखी घट्ट. (अलिबाग)

उत्तर : खोबरेल तेल धूळ धरून ठेवतं, आणि वर घाटावर थंडीत ते थिजतंही. इंजिन ऑइलचं तेच. खारी हवा, धूळ आणि तेल मिळून आत जो चिखल होतो तो आधी बाहेर काढायला हवा. चावीच्या तोंडात डब्ल्यूडी-४० सारखा फवारा भरपूर मारा, चावी वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा आणि दर वेळी फडक्याला पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत हे चालू ठेवा. मग कुलूप उलटं टांगून दिवसभर वाळू द्या. हा फवारा धुण्यासाठी आहे, वंगण म्हणून त्यावर थांबू नका. वाळल्यावर टेफ्लॉनचं कोरडं वंगण, दोन थेंब चावीत आणि एकेक थेंब दांडा शिरतो त्या भोकांत. समुद्राजवळ पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांनी.

अडकलेली चावी कधीही जोराने फिरवू नका. कुलपावर सायकलचा भार पडलेला असतो आणि आतला खिळा दाबला जातो, म्हणून ती अडते. एका हाताने दांडा नळीत आत दाबून धरा आणि मग फिरवा. झिजलेल्या चावीवरून काढलेली डुप्लिकेट हीही नेहमीची व्याधी आहे. मूळ दुसरी चावी लावून बघा, बऱ्याचदा कुलूप ठणठणीत असतं.

प्रश्न : सायकल चोरीला गेली म्हणून पोलीस ठाण्यात गेलो. ऑनलाइन "गहाळ"ची नोंद करा, असं सांगितलं. ती केली. हे पुरेसं आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही. गहाळची नोंद म्हणजे वस्तू तुमच्याकडून हरवली, एवढंच. त्यावर चोरीचा तपास होत नाही आणि विमा कंपनीही ती सहसा धरत नाही. तुम्हाला चोरीची फिर्याद द्यायची आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचं कलम ३०३. यात एक मेख आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो, म्हणजे एन.सी. (अदखलपात्र नोंद) होते, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून "जुनी सायकल" एवढंच सांगू नका. बिल न्या, मॉडेल सांगा, नंतर बसवलेल्या वस्तूंच्या पावत्या न्या. चार वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेली सायकल आज दहाची असेल, पण बोलण्याच्या ओघात ती तीन हजारांची होऊन बसते.

दुसरं, जागा स्पष्ट लिहा. सायकल घरातून, राहत्या इमारतीच्या जिन्याखालून, बंद पार्किंगमधून गेली असेल तर "इमारतीसमोरून" असं मोघम नको. राहण्याच्या किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतल्या चोरीला कलम ३०५ वेगळं आहे, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची ती सवलत नाही. कलम कोणतं लावायचं ते पोलीस ठरवतात. त्यांनी ते लावावं यासाठीचा तपशील मात्र तुमच्या फिर्यादीत हवा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते (मग तीन दिवसांत सही करावी लागते), आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद घ्यायला नकार मिळाला तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवायचा, शहरात आयुक्तालयाकडे. त्यानेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

फिर्यादीत सगळ्यांत मोलाची ओळ फ्रेम नंबरची. सायकल उलटी करा. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या बुडाला तो कोरलेला असतो. चिखल आणि ग्रीस खरवडावं लागेल. कधी तो सीटच्या नळीवर किंवा हँडलखालीही असतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा, समोरून उजेड पाडला तर कोरीव आकडे दिसत नाहीत. त्याबरोबर उजव्या बाजूने अख्ख्या सायकलचा एक फोटो, आणि खास खुणांचे जवळून : खरचटलेला दांडा, बदललेलं सीट, स्टिकर. आपल्याकडे सायकलला आरटीओ नाही. तिचं आरसी बुक म्हणजे हेच तीन-चार फोटो आणि बिल. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची सायकल अजून घरी आहे त्यांनी अंक खाली ठेवून आधी ते काम करावं.

सायकल सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होते. परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो आणि सुपूर्दनाम्यावर (मागतील तेव्हा हजर करू, अशा लेखी हमीवर) ती मिळते. तिथेही पहिला प्रश्न हाच : ही तुमचीच, कशावरून?

प्रश्न : स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवरून सायकल गेली. पावती होती, पण तिच्या मागे "वाहन मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलंय. मग काहीच करता येणार नाही? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तेवढ्या छपाईने स्टँडवाला सुटत नाही. प्रश्न ताब्याचा आहे. सायकल त्यांच्या हवाली केली, टोकन घेतलं आणि टोकन दाखवल्याशिवाय ती बाहेर जाऊ द्यायची नाही अशी रीत असेल, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे हा निक्षेप (सांभाळायला सोपवलेली वस्तू) होतो आणि वस्तूची वाजवी काळजी घेणं त्यांच्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेलच्या पार्किंगमधून गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सांगितलं की "मालकाच्या जोखमीवर" असं छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. मात्र नुसती जागा भाड्याने देऊन कुलूप तुम्हीच लावायचं, कोणी काही तपासत नाही, असा स्टँड असेल तर तुमची बाजू कमजोर.

एफआयआर करा, पावती जपून ठेवा (उन्हात तिची शाई उडते, आजच फोटो काढा), स्टँडच्या ठेकेदाराला लेखी मागणी पाठवा आणि उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही.

प्रश्न : सोसायटीत चाळीसेक सायकली आहेत. सध्या चाक अडकवायचे स्टँड आहेत, तरी वर्षात तीन गेल्या. कमिटीने काय करावं? (सचिव, एक गृहनिर्माण संस्था, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : चाक अडकवायचे स्टँड विकून टाका. त्यात कुलूप फक्त चाकालाच लागतं (वरचं डोंबिवलीचं पत्र बघा), आणि सायकलला धक्का लागला की रिम वाकते.

फॅब्रिकेटरकडून उलट्या यू आकाराचे पाइप करून घ्या. पाइप ५० मिलिमीटर व्यासाचा, पत्रा किमान ३ मिलिमीटर. जमिनीपासून उंची ७५ सेंटिमीटर, लांबी ७० ते १०० सेंटिमीटर, दोन स्टँडमध्ये एक मीटर अंतर. दोन्ही बाजूंनी एकेक सायकल उभी राहते आणि फ्रेम व चाक दोन्ही बांधता येतात. चाळीस सायकलींना वीस स्टँड. चारचाकीची एक जागा साधारण २.५ बाय ५ मीटरची. लांब बाजू मोकळी असेल तर तिच्यात पाच स्टँड, म्हणजे दहा सायकली बसतात. हे गणित सभेत मांडताना आवाज शांत ठेवा. लहान मुलांच्या सायकली बुटक्या असतात, म्हणून दोन-तीन स्टँडना जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर एक आडवा पाइपही घ्या.

पाय कसे रोवता यावर सगळं आहे. जमीन असेल तर २५-३० सेंटिमीटर काँक्रीटमध्ये, आणि पायाच्या तळाला आडवी सळई वेल्ड करून, नाहीतर स्टँड हलवून हलवून मुळासकट निघतो. पार्किंग पोडियमवर, म्हणजे खाली मजला असलेल्या स्लॅबवर, असेल तर स्लॅबला ड्रिल मारू नका. वॉटरप्रूफिंग फुटतं, आणि पुढच्या पावसात सायकलीचा विषय बाजूला राहून गळतीचा सुरू होतो. तिथे चार-पाच स्टँड खालून दोन लांब चॅनेलवर वेल्ड करून एकच जड चौकट करा. ती कोणी उचलत नाही.

कॅमेऱ्याबद्दल. डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण पुसून नवं चढतं. काही ठिकाणी आठवड्यात, काही ठिकाणी पंधरा दिवसांत. चोरी कळली त्याच दिवशी तेवढा भाग पेनड्राइव्हवर घ्या. त्याआधी डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत टिपा, कारण डीव्हीआर बऱ्याचदा वीस-पंचवीस मिनिटं मागेपुढे असतो आणि पुढे त्यावरूनच घोळ होतो. हे चित्रण कोर्टात पुरावा म्हणून जायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते कोणाच्या सहीने द्यायचं हे कमिटीने आधीच ठरवून ठेवावं.

बेवारस सायकलींना तारखेची चिठ्ठी बांधा, नोटीस लावा, महिन्याने फोटो काढून एका बाजूला करा. ज्या गर्दीत निम्म्या सायकली कोणाच्याच नाहीत, तिथून कोणीही कोणाचीही नेली तरी वॉचमनला शंका येत नाही.

प्रश्न : सायकलला एअरटॅग लावला तर? (नागपूर)

उत्तर : लावा, पण वस्तूचा ठावठिकाणा सांगणाऱ्या या छोट्या बिल्ल्यात उपग्रहाचं काही नाही हे लक्षात ठेवा. आसपासून जाणारे अ‍ॅपलचे फोन त्याचा ब्लूटूथ संकेत पकडतात, त्यावरून जागा कळते. शहरात उपयोग चांगला, आडगावी थोडा. फ्रेमच्या नळीत कोंबू नका, धातूतून संकेत बाहेर येत नाही. सीटखाली, बाटलीच्या स्टँडमागे किंवा खास घंटीच्या आत बसवा. सेल सीआर२०३२, साधारण वर्षभर चालतो. टॅग चोरापासून लपून राहत नाही : दुसऱ्याबरोबर फिरू लागला की त्याच्या फोनवर सूचना येते आणि काही तासांनी टॅग स्वतःच वाजतो. तेव्हा पहिले तासच कामाचे. नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्याने तिथे जाऊ नका. एफआयआरचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात जा.

प्रश्न : घराचा विमा आहे. त्यात सायकल येते ना? (वाशी)

उत्तर : पॉलिसी "भारत गृह रक्षा" असेल तर मूळ पॉलिसीत साधी चोरी येत नाही, आग, पूर अशा घटनेमुळे आणि तिच्यापासून सात दिवसांत झालेली चोरीच येते. घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यातही बहुधा दार-खिडकी फोडल्याची खूण लागते, म्हणजे उघड्या पार्किंगमधली सायकल बाहेरच. काही कंपन्यांच्या घरगुती पॅकेजमध्ये "पेडल सायकल" असा वेगळा भाग असतो. तोच मागा आणि कुलूप लावलेलं असण्याची अट वाचा.

प्रश्न : जुनी सायकल स्वस्तात मिळतेय. बिल नाही. घ्यावी का? (सांगली)

उत्तर : आधी उलटी करून फ्रेम नंबर बघा. नंबरच्या जागी ताजा रंग किंवा कानशीचे ओरखडे असतील तर निघून या. विकणाऱ्याला सीटची उंची बदलायला सांगा. स्वतःची सायकल असलेला माणूस कोणता पाना लागतो ते न शोधता सांगतो. नंबर, तारीख, रक्कम, ओळखपत्राची प्रत आणि सही असा कागद करून घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि अठरा हजारांची सायकल दोन हजारांना मिळणं हे तसं मानायला बऱ्यापैकी कारण आहे.

प्रश्न : मी इथे शिकायला आले आहे. स्टेशनबाहेर ठेवलेली सायकल नाही, कापलेलं कुलूप तेवढं तिथे पडलेलं. पोलिसांत जाऊ? (डेल्फ्ट, नेदरलँड्स)

उत्तर : आधी पालिकेकडे बघा. स्टँडबाहेर लावलेल्या किंवा ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या सायकली तिथल्या पालिका उचलून 'फीट्सडेपो'त (उचललेल्या सायकलींच्या गोदामात) नेतात, आणि नेताना कुलूप तेही कापतात. म्हणून कापलेलं कुलूप चोरीचा पुरावा होत नाही. डेपोत नसेल तर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार द्या. फ्रेम नंबर तिथेही लागेलच. पुढच्या सायकलीला मागच्या चाकाचं रिंग लॉक (फ्रेमवरच बसवलेलं, चाकाच्या आऱ्यांतून जाणारं कडं) आणि स्टँडला बांधायची साखळी, अशी दोन कुलपं ठेवा. बऱ्याच विमा पॉलिसी एआरटीचे दोन तारे मागतात आणि दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या. बऱ्याच स्थानकांवरच्या राखणदार असलेल्या पार्किंगमध्ये पहिले २४ तास फुकट असतात. रस्त्यात कोणी वीस युरोला सायकल देऊ केली तर घेऊ नका, घेणाराही गुन्हेगार ठरतो.

प्रश्न : चोरी नाही, पण चावीच हरवली. सायकल सोसायटीच्या खांबाला, यू-लॉक चांगलं. काय करू? (हडपसर, पुणे)

उत्तर : पहिल्या चाव्यांबरोबर नंबर कोरलेली छोटी पट्टी आली होती का ते शोधा. काही कंपन्या त्या नंबरवरून चावी करून देतात. नसेल तर ग्राइंडरवाला बोलवा. १ मिलिमीटरची कटिंग डिस्क, डोळ्यांना चष्मा, फ्रेमवर आणि टायरवर ओलं गोणपाट, नाहीतर ठिणग्यांनी रंग आणि रबर दोन्ही जळतात. कापायची जागा खांबाकडची, फ्रेमपासून लांबची. दोन्ही टोकं अडकणारं कुलूप असेल तर दोन ठिकाणी कापावं लागेल. दुसऱ्या वेळी दांडा आवळून डिस्क धरू शकतो, म्हणून आधी लाकडाची पाचर मारा. कापल्यावर दांडा लगेच हातात घेऊ नका, तो चांगलाच तापलेला असतो.

सचिवांना आधी सांगा आणि बिल जवळ ठेवा. भर दुपारी पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवूनही वॉचमन विचारायला आला नाही, तर तेही सचिवांना सांगा.